वायरिंगचा पाइप आणि त्याची जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या वास्तू पुरवणीत नव्या घराच्या वायरिंगविषयी नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी लक्षपूर्वक वाचला. बिनछापाचे स्वस्त पाइप घेऊ नयेत, सगळे काम वायरमनच्या भरवशावर सोडू नये, या त्यातल्या सूचना योग्यच आहेत. परंतु लोखंडी पाइपांचे दिवस संपले असून घर असो, दुकान असो की कारखाना, सगळीकडे पीव्हीसी पाइपच घालावा, असा जो सरसकट सल्ला लेखाच्या शेवटी दिला आहे, तो मला मान्य नाही. बडोद्यातल्या कारखान्यांत आणि गृहसंस्थांच्या कामांवर विद्युत पर्यवेक्षक म्हणून माझी उमेदीची सारी वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतरही दांडिया बाजार, वाडी, बाबाजीपुरा या भागांतील ओळखीची मंडळी घर बांधताना किंवा जुना वाडा उतरवताना विचारायला येतात. त्यांना मी जे सांगत आलो, तेच येथे जरा विस्ताराने मांडतो.

भिंतीत किंवा स्लॅबमध्ये एकदा गाडलेला पाइप इमारत उभी असेपर्यंत तिथेच राहतो. तार बदलता येते, स्विच बदलता येतात, एमसीबीचा (जादा भार आला की वीज तोडणाऱ्या स्विचांचा) डबा बदलता येतो. पाइप मात्र स्लॅब फोडल्याशिवाय हाती लागत नाही. असे असूनही खरेदीच्या यादीत सर्वांत कमी विचार त्याचाच होतो. तार कोणत्या कंपनीची घ्यायची आणि स्विचच्या पट्ट्या कोणत्या रंगाच्या, यावर घरात चार-चार दिवस चर्चा चालते, आणि पाइपाचा विषय निघाला की ‘ते तुम्ही बघा’ म्हणून कंत्राटदाराच्या गळ्यात घातला जातो. वास्तविक पाइपाने करायची कामे जोखमीची आहेत. खिळा, ड्रिल आणि वजन यांपासून त्याने तारेला वाचवायचे असते. वीस-पंचवीस वर्षांनी जुनी तार काढून नवी ओढता येईल अशी वाट मोकळी ठेवायची असते. आणि आत ठिणगी पडलीच, तर ती बाहेरच्या लाकडापर्यंत, पडद्यापर्यंत जाऊ द्यायची नसते. आमच्या वाडीतल्या काही जुन्या घरांत सागवानी केसिंग-कॅपिंग, म्हणजे तारा झाकणारी लाकडी पट्टी, अजून भिंतीवर दिसते. कारागिरी म्हणून ते पाहत राहावे असे आहे, पण वाळवी आणि गळती यांच्यापुढे ते टिकत नाही, आणि ठिणगीला तर ते सरपणच आहे. त्याच्या जागी आता काय घालायचे, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी एकच येत नाही.

पीव्हीसीची बाजू आधी घेतो, कारण घरगुती कामात ती खरोखरच भक्कम आहे. २५ मिलिमीटर व्यासाचा आणि तीन मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप साधारण अर्ध्या किलोचा भरतो, तर तेवढाच १.६ मिलिमीटर जाडीचा पोलादी पाइप पावणेतीन किलोंच्या घरात जातो. पीव्हीसी करवतीने कापला जातो, आत स्प्रिंग घालून गुडघ्यावर वाकवता येतो, सोल्यूशन, म्हणजे चिकटवण्याचे द्रावण, लावले की मिनिटभरात सांधला जातो. तो गंजत नाही, स्वतः वीज वाहून नेत नाही, म्हणून त्याला अर्थिंगचे क्लॅम्प लागत नाहीत. (पाइपाला अर्थिंग लागत नाही, यावरून घरालाच अर्थिंगची हिरवी तार लागत नाही असा अर्थ काढणारे महाभागही मला भेटले आहेत, ती तार प्रत्येक सर्किटबरोबर जायलाच हवी.) न्हाणीघराच्या खोलगट स्लॅबमध्ये, जिथे आज ना उद्या ओल येणारच, तिथे पोलादी पाइप घालण्यात काहीच शहाणपण नाही. नंदेसरीसारख्या रासायनिक वसाहतीत, जिथे हवेतच आम्लाचा अंश असतो, तिथेही जस्ताचा थर लवकर खाल्ला जातो आणि जाड पीव्हीसीच सरस ठरतो.

मात्र पीव्हीसी म्हणजे एकच वस्तू नव्हे, आणि पुरवणीतल्या लेखात हीच गोष्ट राहून गेली. भारतीय मानक आय.एस. ९५३७ च्या तिसऱ्या भागात ताठ विद्युतरोधक पाइपांचे हलका, मध्यम आणि जड असे वर्ग आहेत. पाइप दाबून पाहण्याच्या चाचणीत हलक्या वर्गाला ३२०, मध्यमाला ७५० आणि जड वर्गाला १२५० न्यूटन भार सोसावा लागतो. बाजारात हेच एलएमएस, एमएमएस आणि एचएमएस या नावांनी मिळते, आणि ही अक्षरे पाइपावरच छापलेली असतात. म्हणजे दोन्ही पाइप २५ मिलिमीटरचे, दोन्ही पांढरे, दोन्हींवर आयएसआयची खरी छाप, आणि तरीही एक दुसऱ्याच्या निम्माही भार पेलणार नाही, असे सहज घडते. हलका वर्ग भिंतीवर उघडा लावायला किंवा छताखालच्या पोकळीत चालतो. स्लॅबमध्ये मध्यमापेक्षा खालचा पाइप घालू देऊ नये, आणि जिथे हातगाड्या फिरणार असतील तिथे जडच मागावा. छापेखाली सी.एम./एल. ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकला की परवाना कोणाचा आणि तो चालू आहे की नाही हे कळते. भंगारातले प्लॅस्टिक आणि भरमसाट खडूची पूड घालून केलेला पाइप ओळखायला तर ॲपही लागत नाही. स्प्रिंग घालून वाकवायला घेतला की तो वाकण्याऐवजी वळणावर पांढरा पडतो आणि तडकतो.

स्लॅब भरण्याच्या दिवशी पाइपाचे काय होते, हे घरमालकाने एकदा उभे राहून पाहावे असे आहे. सळई बांधणारे त्याच्यावरून चालतात, काँक्रीटच्या पाट्या त्याच्यावर आपटतात, व्हायब्रेटरचे तोंड सांध्याला लागते. पाइप खालच्या आणि वरच्या सळयांच्या मध्ये नसेल, बाइंडिंग तारेने जागोजागी बांधलेला नसेल, किंवा सांध्याला सोल्यूशन न लावता नुसता दाबून बसवला असेल, तर त्या दणक्यात सांधा सुटतो आणि सिमेंटचे पाणी आत शिरते. त्याचा पत्ता लागतो तो चार महिन्यांनी, वायरमन तार ओढण्याची लवचिक पट्टी आत सारतो तेव्हा. पट्टी प्रत्येक वेळी त्याच एका ठिकाणी अडते, आणि बाहेर ओढून पाहिले तर तिच्या टोकाला करडी पूड लागलेली असते. मग छत फोडायचे, नाहीतर सुंदर पांढऱ्या छतावरून केसिंगची पट्टी न्यायची. यात पाइपाच्या पदार्थाचा दोष काडीचाही नसतो. दहा रुपयांच्या सोल्यूशनचा आणि पंख्याच्या डब्यांची तोंडे बुजवण्याच्या आळसाचा तो परिणाम असतो. आणखी एक खोड मी नव्या इमारतींत सर्रास पाहतो. एमसीबीच्या डब्यापाशी दहा-बारा पाइप एकमेकांना चिकटवून मोळीसारखे नेतात. त्यांच्यामधून काँक्रीट खाली उतरतच नाही आणि तेवढा पट्टा पोकळ राहतो. अमेरिकेच्या काँक्रीटविषयक संकेतांत शेजारच्या दोन पाइपांच्या मध्यांत निदान तीन व्यासांएवढे अंतर सांगितले आहे आणि पाइपाचा व्यास स्लॅबच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नको असेही म्हटले आहे. हे दोन्ही नियम आपल्याकडेही निमूटपणे पाळण्याजोगे आहेत.

आता पोलादाकडे वळतो. पोलादी पाइपाचे मोठेपण मार सोसण्यात आहे. यंत्रशाळेत जमिनीलगत जाणारी वाट, दुकानाच्या शटरशेजारचा खांब, वाहनतळातील भिंत, सोसायटीचा मोटारपंप, या ठिकाणी आज ना उद्या काहीतरी येऊन आदळणार असते. जड पीव्हीसी अशा जागी एखादा धक्का खाईल. पोलादाला पोचा पडेल, पण आतली तार शाबूत राहील. उंदरांचाही प्रश्न आहे. मांडवी आणि रावपुऱ्यातल्या जुन्या दुकानांच्या माळ्यावर लवचिक प्लॅस्टिक पाइप कुरतडलेले मी पुष्कळदा पाहिले, पोलादी मात्र कधीच नाही. काँक्रीटच्या अल्कलीपणामुळे कोरड्या स्लॅबमधील पोलाद सहसा गंजतही नाही.

पण हा पाइप हाताळायला कसब लागते आणि ते कसबच आता दुर्मिळ होत चालले आहे. पाइप कापल्यावर आतल्या कडेला जी धारदार किनार राहते ती रिमरने घासून काढावी लागते. ती राहिली तर तार ओढताना तिचे आवरण लांबच लांब सोलले जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. टोकाला डाय फिरवून आटे पाडायचे, डब्यात शिरताना आत बुश आणि बाहेर चेकनट बसवायचे, आटे पाडताना निघालेल्या जस्ताच्या जागी पुन्हा रंग लावायचा. हे सारे केले तरच तो पाइप पोलादी म्हणवून घ्यायला लायक. पूर्वी वायरमन शिकाऊ पोराला महिनाभर नुसते आटे पाडायला बसवीत. आज गोरवा आणि तरसालीच्या आय.टी.आय.मधून मुले हे शिकून बाहेर पडतात, पण कामावर त्यांना डाय हातात धरायची वेळच येत नाही. सांध्यांतले आटे सैल राहिले की पाइपाची सलग अर्थिंग तुटते. मध्येच कुठेतरी पाइप फेजला चिकटला, तर तो अर्थला जोडलेला असल्याचा भास राहतो, एमसीबी पडत नाही आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो. म्हणून केवळ पाइपाच्या भरवशावर अर्थिंग ठेवू नये. आत स्वतंत्र हिरवी तार असावी, पाइपही दोन्ही टोकांना अर्थला बांधावा, आणि डब्यात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे थोडीशी वीज अर्थकडे गळली तरी पुरवठा तोडणारा स्विच, असावी.

पोलादाबाबत आणखी एक बाब आहे आणि ती नवशिक्या अभियंत्यांनाही चकवते. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नव्या यंत्राला तीन फेजच्या जाड एकेरी केबली नेल्या होत्या. एका पाइपात तिन्ही मावेनात, म्हणून कोणीतरी प्रत्येक फेजला स्वतंत्र पोलादी पाइप दिला. दिसायला काम देखणे होते, तीन पाइप ओळीने सरळ रेषेत. यंत्र पूर्ण भाराने सुरू झाले तेव्हा त्या पाइपांतून बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली आणि तासाभरात त्यांच्यावर तळहात टेकवेना. केबली मात्र त्यांच्या क्षमतेच्या आतच चालल्या होत्या. कारण सरळ आहे. एकाच सर्किटच्या साऱ्या तारा एका पाइपातून गेल्या तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडून काढतात. एकच फेज पोलादाच्या नळीतून गेला तर ते क्षेत्र त्या नळीत कोंडले जाते, तिच्यात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह, फिरू लागतात आणि पाइप स्वतःच तापतो. तिन्ही केबली मोठ्या व्यासाच्या एका पाइपात एकत्र घातल्यावर गुणगुण थांबली. घरातही फेज एका पोलादी पाइपातून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून नेण्याची सवय काही वायरमनना असते. पीव्हीसीत अशा कामामुळे पाइप तापत नाही आणि म्हणूनच ही सवय वर्षानुवर्षे लपून राहते.

गच्चीवरचा प्रश्न मला सध्या सर्वांत निकडीचा वाटतो. छतावरच्या सौरऊर्जेत गुजरात आघाडीवर आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आल्यापासून आपल्या शहरातही गच्च्या पटापट पॅनेलांनी भरत आहेत. पॅनेल उत्तम, इन्व्हर्टर उत्तम, आणि त्या दोहोंना जोडणारी केबल मात्र भिंतीत घालायच्या साध्या पांढऱ्या पाइपातून, उघड्या उन्हात, सॅडलने (पाइप धरणाऱ्या पट्टीने) करकचून बांधलेली, असे दृश्य जागोजागी दिसते. आपल्या मानकातील हे पाइप कायम वापरासाठी साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंतचे धरलेले असतात. बडोद्याच्या मे महिन्यात सावलीतच पारा ४२-४३ अंशांवर जातो. गच्चीच्या तापलेल्या फरशीला चिकटलेला पाइप त्या मर्यादेच्या अगदी काठावर येऊन बसतो. त्यात पीव्हीसी उष्णतेने पोलादाच्या पाच-सहा पट प्रसरण पावतो. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत पाइपाच्या अंगात ५० अंशांचा फरक पडला, तर १५ मीटरच्या सरळ पाइपाची लांबी पाच सेंटिमीटरने बदलते, पोलादाची सेंटिमीटरभरही नाही. ही पाच सेंटिमीटर जातात कुठे? पाइप दोन सॅडलांच्या मध्ये सापासारखा वळतो आणि थंडीत आखडताना सांध्यातून निसटतो. अमेरिकेच्या विद्युत संहितेत सरळ वाटेवर लांबीतला बदल ६ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक होणार असेल तर पीव्हीसीच्या वाटेवर प्रसरण-सांधा घालणे बंधनकारक आहे. आपल्याकडे तो सांधा दुकानात मागितला तर दुकानदार आपल्याकडेच बघत राहतो. उन्हातील अतिनील किरणांनी साधा पीव्हीसी काही वर्षांत पिवळट आणि ठिसूळ होतो, ते वेगळेच. आणि सौर पॅनेलांकडून येणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, असते. घरच्या एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या, विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने ठिणगी विझायला वाव मिळतो; डीसीत तो मिळत नाही, एकदा पेटलेली ठिणगी पेटतीच राहते. म्हणून गच्चीवर जस्त चढवलेला पोलादी पाइप, नाहीतर उन्हासाठीच बनवलेला अतिनीलरोधक पाइप घालावा आणि तोही फरशीपासून उचलून. सोलर बसवणाऱ्याच्या दरपत्रकात या पाइपाची ओळ बहुधा स्वतंत्र नसतेच. ती आग्रहाने लिहून घ्यावी.

पुराचा अनुभव बडोदेकरांना नव्याने सांगायला नको. ३१ जुलै २०१९ च्या अतिवृष्टीत आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली तेव्हा, अकोटा, समा, फतेगंज या भागांत तळमजले पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर लोकांनी भिंती धुतल्या, रंग दिले, पण भिंतीतल्या पाइपांत साचलेले पाणी कुणाच्या ध्यानात आले नाही. जमिनीखालून जाऊन पुन्हा वर स्विचबोर्डाकडे येणारा पाइप यू आकाराचा असतो. त्यात शिरलेले पाणी आपोआप बाहेर पडत नाही, आणि गाळ तर मुळीच नाही. तार ओढून काढली तर ती तपकिरी चिखलाने माखून बाहेर येते. पीव्हीसी अशा पाण्यात गंजणार नाही हे खरे, पण तो पाणी धरून ठेवतो आणि डब्यातले जोड आतल्या दमटपणाने हिरवे पडत राहतात. पोलादाचे आटे वर्षभरात तांबड्या पुडीने भरतात. येथे पदार्थाच्या निवडीपेक्षा वाटेची आखणी मोठी. नदीलगतच्या भागात तळमजल्याचे सगळे पाइप छतातून खाली उतरवावेत, जमिनीतून वर आणू नयेत. सॉकेट कमरेच्या वर, मीटर आणि एमसीबीचे डबे शेवटच्या पुराच्या खुणेच्या वर. आणि एखादी वाट खालून नेणे अटळच असेल, तर तिच्या सर्वांत खालच्या बिंदूला पाणी निथळायला जागा ठेवावी. हे पदार्थनिरपेक्ष आहे.

आगीबाबत माझे मत पीव्हीसीच्या बाजूच्या लोकांना रुचणार नाही. पीव्हीसी स्वतःहून जळत राहत नाही, ज्योत काढली की विझतो, हे त्याचे श्रेय आहे. पण त्याच्या राळेत वजनाने निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो आणि दुसऱ्या कशाच्या तरी आगीत सापडला की तो दाट काळा धूर आणि हायड्रोजन क्लोराइड सोडतो, जो श्वासातून जाऊन घसा आणि फुप्फुसे भाजतो. एखाद्या फ्लॅटमध्ये, प्लॅस्टरखाली गाडलेल्या पाइपाने फार बिघडत नाही. बहुमजली इमारतीच्या जिन्यातून, रुग्णालयाच्या मार्गिकेतून, शिकवणी वर्गाच्या दारावरून उघडे जाणारे पाइप ही वेगळी गोष्ट आहे. सुरतच्या तक्षशिला संकुलात २४ मे २०१९ रोजी २२ विद्यार्थ्यांचे प्राण गेले, त्यानंतर राज्यभर जिने आणि बाहेर पडण्याच्या वाटा तपासल्या गेल्या. त्या जिन्यांतून वर जाणाऱ्या विजेच्या वाटा कशाच्या आहेत, हे मात्र कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आता आय.एस. १७०४८ नुसार हॅलोजनमुक्त, म्हणजे आवरणात क्लोरीनसारखी द्रव्ये नसलेल्या, तारा मिळतात आणि बिल्डर त्यांची जाहिरातही करतात. पण हॅलोजनमुक्त तार साध्या पीव्हीसी पाइपात घातली तर धूर सोडायला पाइप आहेच. सुटकेच्या वाटेवर, आगीची घंटा, अग्निशमन पंप आणि उद्वाहन यांच्या सर्किटांना पोलादच असावे. अमेरिकेत शिकागो शहर तर घरांतल्या वायरिंगलाही धातूचाच पाइप मागते. तिथे स्थायिक झालेल्या मुलांकडे राहून आलेले आपले लोक ते पाहून येतात आणि इकडेही तसेच करावे का, असे विचारतात. सबंध घराला तसे करायची गरज नाही, जिन्याला आहे.

तारांची गर्दी हा दोन्ही पदार्थांना सारखाच लागू होणारा मुद्दा आहे, म्हणून थोडक्यात. पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळाचा सुमारे ४० टक्केच भाग तारांनी व्यापावा, हा जुना नियम आहे. २० मिलिमीटरच्या पाइपात त्या हिशेबाने अडीच चौरस मिलिमीटरच्या आठेक तारा बसतात. आजकाल तीन खोल्यांच्या वातानुकूलन यंत्रांच्या (एसींच्या) मिळून नऊ तारा त्याच पाइपातून ओढल्या जातात. ओढताना साबणाचे पाणी लागते, दोन माणसे लागतात, आणि खरी किंमत पुढे उन्हाळ्यात मोजावी लागते. पाइपातून जाणारी अडीचची एकटी जोडी ३० अंश हवेत साधारण २४ अँपिअर पेलते. तीन भारित सर्किटे एकत्र असली की त्याचे ०.७ धरायचे, आणि भोवतालची हवा ४५ अंश असली की पुन्हा ०.७९. गुणाकार करून पाहिला तर हाती १३ अँपिअर उरतात, आणि डब्यात एमसीबी असते २० ची. एकेक एसी सात-आठ अँपिअरच घेत असल्याने बहुधा निभावते, पण पुढे त्याच तारेवर कोणी गिझर चढवला तर एमसीबी पडणार नाही, आवरण मात्र मऊ पडेल. दर वळणाला ओढ वाढते, म्हणून दोन डब्यांच्या मध्ये दोनपेक्षा जास्त काटकोन येऊ देऊ नयेत; अमेरिकन संहिता चारपर्यंत सवलत देते, पण त्यांच्याकडे ओढायला यंत्रे असतात.

गुंडाळीच्या लवचिक पाइपाने सबंध स्लॅब भरण्याची नवी टूम निघाली आहे, तिला ठाम विरोध करावा. आतल्या वळ्यांवर तार अडते आणि काँक्रीटखाली तो चेपतो. मोटारीपर्यंतचा शेवटचा हातभर तुकडा किंवा फॉल्स सीलिंगमधल्या दिव्याची जोडणी, एवढेच त्याचे काम. जमिनीखालून मीटरपासून बंगल्यापर्यंत जायचे असेल तर आय.एस. १४९३० मधील एचडीपीई या प्लॅस्टिकचा दुहेरी भिंतीचा पाइप चांगला. तो बाहेरून वळ्यांचा आणि आतून गुळगुळीत असतो. तो उघडा इमारतीत आणू नये, कारण एचडीपीई पीव्हीसीसारखा आपोआप विझत नाही, वितळून थेंब गाळत जळतो.

राहिला पैशांचा प्रश्न. पोलादी पाइप पीव्हीसीच्या तीन-चार पट महाग पडतो आणि मजुरी त्याहून वर. म्हणूनच सबंध इमारतीला एकच पदार्थ ठरवण्याचा आग्रह कोणत्याही बाजूने धरू नये. ज्या गृहसंस्था पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांनी बिल्डरकडून येणाऱ्या तपशिलात ‘आयएसआय मार्क पाइप’ एवढ्या ओळीवर समाधान मानू नये. स्लॅबमध्ये कोणत्या वर्गाचा पीव्हीसी, जिन्यात आणि पंपखोलीत किती जाडीचा पोलादी, गच्चीवर कोणता, जमिनीखाली कोणता, असे जागेगणिक लिहून घ्यावे. पोलाद जिथे खरोखर हवे ती लांबी एकूण लांबीच्या मानाने इतकी थोडी असते की फ्लॅटमागे पडणारा बोजा स्वयंपाकघराच्या टाइल्सच्या फरकाएवढाही होत नाही. आणि स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या दोन सभासदांनी वायरमनला घेऊन वर जावे, प्रत्येक वाटेतून पट्टी आरपार काढून पाहावी, मोबाइलवर खोलीगणिक छायाचित्रे घ्यावीत आणि ती पाइपांच्या आराखड्यासह सोसायटीच्या फाइलीत ठेवावीत. पुढे कोणी पंख्याचा हूक किंवा पडद्याचा दांडा ठोकायला निघाला की त्या फाइलीचे मोल कळते.

आपल्या वास्तू पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाणार असेल, तर पीव्हीसीचे तीन वर्ग आणि त्यांच्या खुणा चौकटीत छापाव्यात आणि गच्चीवरच्या सोलरच्या पाइपावर स्वतंत्र लेख द्यावा, अशी विनंती आहे. पुढच्या मे महिन्याच्या आत तो आला तर अधिक बरे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक
वाडी, बडोदे